धड कुणाचं होतं?

२००५ साली आमच्या हॉस्टेलच्या मजल्यावर ब्लूटूथवाला फोन एकाच मुलाकडे होता. नोकिया ६६००. त्यावरून त्याचं नावच 'मालक' पडलं होतं. मेसची वेळ संपली की मालकाच्या खोलीत गर्दी व्हायची, आणि त्या गर्दीत एका रात्री मी अर्ध्या मिनिटाची एक क्लिप पाहिली. धुरकट, हलणारी, कुणीतरी हातात फोन धरून काढलेली. मुलगा दिसत नव्हता. मुलगी दिसत होती, आणि आपण कॅमेऱ्यात आहोत हे तिला माहीत नाही हेही दिसत होतं.

दृश्य माझ्या फारसं लक्षात राहिलेलं नाही. लक्षात आहे तो खोलीतला पहिला प्रश्न : "कोण आहे रे ही?" कुणी म्हणालं नाशिकची, कुणी म्हणालं आपल्याच शेजारच्या कॉलेजची, सेकंड इयरची. खरं कुणालाच माहीत नव्हतं. पण कॉलेजचं नाव निघाल्याबरोबर खोलीतली हवा बदलली, आणि ज्यांनी क्लिप एकदा पाहिली होती त्यांनीही ती परत मागून घेतली. कोणी काढली, मालकापर्यंत कुठून आली, हे एकानेही विचारलं नाही. माझ्या फोनला ब्लूटूथ नव्हतं. तरी मी म्हणालो, "मलाही ठेव रे, नवीन फोन घेतला की दे." असं का म्हणालो? मला ती क्लिप परत बघायची नव्हती. त्या खोलीत न मागणारा एकटा मीच ठरलो असतो, एवढंच.

आम्ही अजाण होतो असं म्हणायची सोय नाही. त्याआधीच्या हिवाळ्यात दिल्लीतल्या शाळकरी मुलांची क्लिप देशभर फिरली होती, बाझी डॉट कॉमवर कुणीतरी ती विकायला लावली होती, आणि डिसेंबर २००४मध्ये त्या कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली होती. पेपरांत आठवडेच्या आठवडे तेच होतं. आम्हाला सगळं ठाऊक होतं.

जुन्या फोटोग्राफीबद्दल वाचत बसणं हा माझा नोकरीबाहेरचा नाद. त्या नादात काही वर्षांनी १८६२ सालातलं रोममधलं एक प्रकरण समोर आलं, आणि वाचता वाचता मालकाची खोली आठवली. तेव्हापासून या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात.

इटलीचं एकीकरण मराठी वाचकाला तसं ओळखीचं आहे, पण एकाच बाजूने. सावरकरांनी मॅझिनी मराठीत आणला तो १९०७ साली. गॅरिबाल्डी आणि त्याचे हजार लालडगलेवाले आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ओजस्वी भाषणांत येत राहिले. ज्यांचं राज्य त्यांनी घालवलं ती माणसं मात्र आपल्याला भेटत नाहीत. मे १८६०मध्ये गॅरिबाल्डी सिसिलीत उतरला आणि सप्टेंबरात नेपल्समध्ये शिरला. नेपल्सचा तरुण राजा फ्रान्सिस दुसरा राजधानी सोडून गाएताच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. राजा भित्रा नव्हता, पण त्याच्याकडे पाहून कुणाला स्फुरण चढावं असंही काही नव्हतं. स्फुरण चढलं ते राणीमुळे. मारिया सोफिया : बव्हेरियाची, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ (सिनेमामुळे 'सिसी' म्हणून माहीत असलेली) हिची धाकटी बहीण. वय एकोणीस. तोफगोळे पडत असताना ती तटावर फिरायची, जखमींची विचारपूस करायची. फेब्रुवारी १८६१मध्ये किल्ला पडला, पण तोवर ती युरोपभर प्रसिद्ध झाली होती. ज्यांना नेपल्सच्या राजघराण्याबद्दल काडीचं प्रेम नव्हतं तेही तिचं कौतुक करत होते.

या कौतुकाचं एक ठोस रूप होतं, ते म्हणजे तिचे फोटो. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ साली एक युक्ती पेटंट केली होती. एकाच काचेवर बरेच फोटो घ्यायचे, कागदावर छापून कापायचे आणि व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. फोटो एकदम स्वस्त झाला आणि एका प्रतीच्या शंभर प्रती झाल्या. राजेराण्या, नट्या, सेनापती सगळे दुकानांच्या काचेत मांडून विकले जाऊ लागले, आणि लोक ते घेऊन घरच्या आल्बममध्ये मावशी-काकांच्या शेजारी लावू लागले. ज्याला आपण कधी भेटलो नाही त्याचा चेहरा आपल्या खिशात असणं ही गोष्ट तोवर जगात नव्हती. गाएताच्या राणीचा चेहरा असा हजारो खिशांत गेला.

राज्य गेल्यावर राजाराणी रोममध्ये पोपच्या आश्रयाला आले. आणि १८६२च्या सुरुवातीला तिचे नग्न फोटो फिरायला लागले. ते युरोपातल्या राजदरबारांकडे पाठवले गेले. खुद्द राजालाही पोचले.

फोटो खोटे होते. पोपच्या पोलिसांनी अंतोनिओ दिओताल्लेवी हा फोटोग्राफर आणि त्याची बायको कोस्तान्झा वाक्कारी यांना पकडलं. कोस्तान्झाने कबुली दिली. राणीचं डोकं बाजारात मिळणाऱ्या कार्डावरून कापून घेतलं होतं, आणि एका वेश्येला नग्न उभी करून काढलेल्या फोटोवर ते चिकटवून त्याचा पुन्हा फोटो घेतला होता. कात्री, डिंक आणि एक कॅमेरा. या कामामागे रोममधले एकीकरणवादी असल्याचं तिने सांगितलं. तिची जबानी पोलिसांना हवी तशी फुगत गेली असावी अशी शंका यायला जागा आहे, पण फोटो कुणाच्या फायद्याचे होते हे उघड आहे. जी बाई तटावर उभी राहिली म्हणून पडलेल्या राज्याची इभ्रत शिल्लक होती, तिला त्या तटावरून खाली आणायचं होतं.

मला अडकवणारी गोष्ट इथून पुढे सुरू होते. फोटो खोटे असल्याचं फार दिवस लपलं नाही. तरी ते फिरायचे थांबले नाहीत. अशा फोटोची मारक शक्ती तो खरा असण्यात आहे, असं आपण सहज धरून चालतो. रोममध्ये तसं दिसत नाही. बघणाऱ्याला पुरावा नको होता. त्याला राणीचं ते रूप डोळ्यांसमोर आणायची परवानगी हवी होती, आणि खोट्या फोटोनेही ती मिळत होती. एकदा मिळालेली परवानगी 'फोटो खोटा आहे' असं कळल्यावर कुणी परत करत नाही.

या प्रकरणावर लिहिलेलं जे काही वाचलं त्यात राणी आहे, राजा आहे, पोप आहे, ऑस्ट्रिया आहे, दिओताल्लेवी पतिपत्नी आहेत. जिचं शरीर होतं ती 'एक वेश्या' या दोन शब्दांत येते आणि जाते. तिचं नाव मला कुठे भेटलं नाही. तिला पैसे मिळाले असतील. आपल्या धडावर राणीचं डोकं बसणार आहे हे तिला सांगितलं होतं का? फोटो राजवाड्यांतून फिरतोय हे तिला कळलं का? कटाचे सूत्रधार कोण हे शोधण्यात पोलिसांना रस होता. तिच्यावर अन्याय झाला असं त्या काळात कुणाच्या डोक्यातही आलं नसावं, कारण तिच्याकडे गमावण्यासारखं काही आहे असंच कुणी मानत नव्हतं.

'अब्रू' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी. रोमच्या त्या फोटोत हा शब्द अक्षरशः कापून दोन तुकडे केलेला दिसतो. अब्रू डोक्याला होती, म्हणून डोकं राणीचं हवं होतं. धड कुणाचंही चाललं असतं. आमच्या हॉस्टेलातही तेच. क्लिपमधलं शरीर आम्ही पाहिलंच होतं, पण 'सेकंड इयरची' हे शब्द आले आणि मग ती क्लिप मौल्यवान झाली. शेजारच्या कॉलेजातली, वडील बँकेत असलेली, सकाळी बसस्टॉपवर उभी असलेली कुणीतरी मुलगी असू शकते ही. ती जितकी प्रतिष्ठित, तितकी मजा जास्त. इंटरनेटवर नग्न शरीरांना तेव्हाही तोटा नव्हता. सायबर कॅफेत तासाला पंधरा-वीस रुपयांत हवी तितकी होती. आम्ही मागत होतो ते दुसरंच काहीतरी होतं. तिची अब्रू आपल्या हातात आहे, आणि तिला ते माहीत नाही.

म्हणूनच या सगळ्याला कामवासना म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. सूड म्हणून तर त्याहून नाही. सोडून गेलेल्या मुलीचे फोटो टाकणारा माणूस सूडाने पेटलेला असतो, खरं आहे. पण तो एक असतो. त्याचा सूड पुढे नेणारे हजार जण तिच्यावर चिडलेले नसतात. ते तिला ओळखतही नाहीत. इंग्रजीत 'रिव्हेंज पॉर्न' म्हणतात त्याला या विषयाच्या अभ्यासकांनी हरकत घेतली ती यासाठीही. सूड म्हटलं की तिने आधी काहीतरी केलं असणार हे गृहीत येतं. अमेरिकेत २०१७ साली अशा पीडितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने सुमारे तीन हजार प्रौढांना प्रश्न विचारले होते. आपण दुसऱ्याचे असे फोटो परवानगीशिवाय पुढे पाठवलेत असं ज्यांनी कबूल केलं, त्यांच्यातले ७९ टक्के म्हणाले की त्या व्यक्तीला दुखवायचा आमचा हेतू नव्हता. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, खोटं बोलतायत. आता वाटतं, खरंच बोलत असतील. मला विचारलं असतं तर मीही तेच उत्तर दिलं असतं. दुखवायला आधी समोर माणूस दिसावा लागतो. मालकाच्या खोलीत आम्ही नऊ-दहा जण एकमेकांशी बोलत होतो, एकमेकांना काहीतरी देत होतो. ती त्या संभाषणात नव्हतीच. पान-सुपारीचा डबा फिरावा तशी ती फिरत होती.

प्रत काढणारा हात हा या इतिहासातला एक दुर्लक्षित नायक आहे. व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट यांना तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा छंद होता. मुलं, कुत्री, घरचे प्रसंग, असं अगदी निरुपद्रवी सगळं. काही पत्रे छपाईसाठी विंडसरच्या एका छापखान्यात गेले. तिथल्या कामगाराने गुपचूप जास्तीच्या प्रती काढून ठेवल्या, त्या एका पत्रकाराच्या हाती गेल्या, आणि पुढे एका प्रकाशकाने प्रदर्शनाचा घाट घालून सूचीपत्रकही छापलं. अल्बर्टने कोर्टात धाव घेतली आणि १८४९ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. खासगीपणाच्या कायद्याचा इतिहास सांगणारे बरेचदा इथून सुरुवात करतात. मला त्यात तो कामगार दिसतो. त्याचं राणीशी वैर नव्हतं. यंत्र समोर होतं, पत्रा समोर होता, आणखी एक प्रत काढायला काही लागत नव्हतं.

आपल्याकडे हा धोका ओळखणारा माणूस होता, लाला दीनदयाळ. निजामाच्या हैदराबादेत त्यांनी १८९२ साली स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव आणि फोटो काढायला मिसेस केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई. यात धंद्याची हुशारी होतीच, पडद्यातलं गिऱ्हाईक मिळवायचं तर दुसरा इलाज नव्हता. पण कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या बाईचा खरा प्रश्न काय असतो हेही त्यांना कळलेलं दिसतं. 'फोटो कसा येईल' हा तो प्रश्न नव्हे. तो बघणार कोण, हा प्रश्न.

शंभर वर्षांनी, १९९२ साली, त्याच देशात अजमेरमध्ये काय झालं ते बहुतेकांना माहीत असेल. शाळा-कॉलेजातल्या मुलींना फसवून, त्यांचे फोटो काढून, त्या फोटोंच्या धाकावर त्यांचं शोषण करणारी एक टोळी उघडकीला आली. तपशिलात मी जाणार नाही. त्या मुलींपैकी अनेकींना साक्षीसाठी दशकानुदशकं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, तेवढे तपशील पुरेत. एकच गोष्ट सांगतो. रीळ धुवायला लॅबमध्ये गेलं, तिथून जास्तीच्या प्रती बाहेर पडल्या आणि गावात फिरल्या. टोळी गुन्हेगारांची होती. पण प्रती हातोहात नेणारं गाव? ज्यांनी खिशातून काढून मित्राला दाखवल्या ते? त्यांच्यावर खटला झाला नाही, होणं शक्यही नव्हतं. उरलेल्या सहा आरोपींना जन्मठेप झाली ऑगस्ट २०२४मध्ये. बत्तीस वर्षं.

पुरुषांबद्दल लिहितो आहे म्हणून एक गोष्ट दडपणं बरोबर होणार नाही. कोस्तान्झा बाई होती. अमेरिकेत १९८०च्या सुमारास एका जोडप्याने सहलीला गेल्यावर एकमेकांचे काढलेले खासगी फोटो शेजाऱ्याने घरातून चोरले आणि 'हसलर' मासिकाच्या वाचकांनी पाठवलेल्या फोटोंच्या सदराला धाडून दिले. संमतीपत्रावर बनावट सही होती. मासिकाने खात्री करून घ्यायला फोन मागितला तेव्हा 'हो, मीच ती' असं सांगणारा आवाज शेजाऱ्याच्या बायकोचा होता. मोबदला किरकोळ होता. त्या शेजारणीला काय मिळालं असेल, याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, मला जे मिळालं तेच. बघणाऱ्यांच्या बाजूला असणं. बघणाऱ्यांची एक बाजू असते आणि बघितल्या जाणाऱ्यांची एक. आपण पहिल्या बाजूला उभे आहोत याची खात्री करून घ्यायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी पलीकडे ढकलणं. बाईला तर ही खात्री पुरुषापेक्षा जास्त लागत असेल.

आणि मग ते वाक्य येतं : "तिनेच काढू दिला ना?" अजमेरच्या वेळी आलं, दिल्लीच्या वेळी आलं, आमच्या खोलीतही आलं होतं. हे वाक्य बोलणाऱ्याला आपण अंकगणित करतोय असं वाटतं : एकाला दाखवलं म्हणजे सगळ्यांना दाखवलं. कायद्याने हे गणित चूक ठरवलं ते २०१३ साली. दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर दंडविधानात कलम ३५४-क आलं, नव्या न्याय संहितेत ते कलम ७७ आहे. त्याचं दुसरं स्पष्टीकरण सांगतं की बाईने चित्रीकरणाला संमती दिली असेल, पण ते तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, तर ते पसरवणं हा गुन्हाच. कायद्याची भाषा सहसा कोरडी असते, पण हे कलम वाचताना मला कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं झालं. प्रेमाचा नव्हे, पोलिसाचा.

नोव्हेंबर २०२३मध्ये रश्मिका मंदानाचा एक व्हिडिओ फिरला. लिफ्टमध्ये शिरणारी, तंग कपड्यांतली. चेहरा रश्मिकाचा, शरीर ब्रिटनमधल्या एका भारतीय वंशाच्या तरुणीचं. तिने स्वतःचा म्हणून टाकलेला व्हिडिओ कुणीतरी उचलला होता. कात्री-डिंकाच्या जागी संगणक आला, एवढाच काय तो दीडशे वर्षांतला फरक. दिल्ली पोलिसांनी जानेवारी २०२४मध्ये एका तरुण इंजिनिअरला पकडलं. तो रश्मिकाचा शत्रू नव्हता. चाहता होता, तिच्या नावाने फॅनपेज चालवायचा, आणि पेजचे फॉलोअर वाढावेत म्हणून त्याने हे केलं, असं पोलिसांनी सांगितलं. वाढलेही : दोन आठवड्यांत नव्वद हजारांचे एक लाख आठ हजार. त्या वरच्या अठरा हजारांबद्दल कुणी काही लिहिलं नाही. त्या दुसऱ्या तरुणीने या वेळी निदान स्वतः पुढे येऊन सांगितलं की, या प्रकाराशी माझा संबंध नाही आणि मला याचा त्रास होतोय. रोममधल्या बाईला तेवढीही जागा नव्हती.

आमच्या हॉस्टेलचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे. सगळे चाळिशीत आले. मुलींचे बाप आहेत निम्मे. गेल्या दिवाळीत तिथे एका नटीचा फोटो आला, कसला ते सांगायला नको. खाली हसणारे चेहरे. मालकाने नव्हता टाकला, तो हल्ली कॅनडातून फक्त बर्फाचे फोटो टाकतो. मी लिहिलं, "काढ रे हे." लगेच उत्तर आलं, "अरे, एआय आहे. खोटा आहे. कुणाचं काय जातंय?"

बराच वेळ मी फोन हातात धरून बसलो. मग लिहिलं, "धड कुणाचं आहे?"

दोन निळ्या खुणा आल्या. त्यानंतर कुणीतरी रविवारच्या मॅचचं विचारलं.